खालून तिसरा

अप्पा, तुमच्यासाठी माझ्याकडे सांत्वनाला कुणी आलं नाही.

घरात माणसं काही कमी नव्हती. निखिलकडे आली, त्याचे वडील गेले म्हणून. मुक्ताकडे आली, सासरे गेले म्हणून. नातीच्या, इराच्या शाळेतल्या बाईसुद्धा येऊन गेल्या, गुडघ्यावर बसून तिच्याशी पाच मिनिटं बोलल्या. महाराष्ट्र मंडळातल्या बायका डबे घेऊन आल्या, कुणी मुगाची खिचडी, कुणी पिठलं-भात. मी दार उघडत होते, जोडे सरळ करत होते, चहा टाकत होते. एक जण माझ्या हातातून ट्रे घेत म्हणाली, "काकू, तुम्ही आहात म्हणून बरं, मुलांना आधार." झालं, मी आधार. व्याही गेले तर विहिणीनं काय करायचं असतं, हे आपल्यात कुणी सांगूनच ठेवलेलं नाही. सुतक निखिलला, मुक्ताला. मी गुरुजींना विचारलं, मला काय? तर म्हणाले, "तुम्हाला काही नाही हो, तुम्ही दुसऱ्या घरच्या." सहा वर्षं एका छपराखाली राहून मी दुसऱ्या घरची.

तेरावं परवा झालं. आज निखिल आणि मुक्ता पहिल्यांदा ऑफिसला गेले, इरा शाळेत गेली. घर गप्प झालं तशी मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि मला ते असं सोडायची सवय नाही.

मी ऑकलंडला आले ती इरा झाली तेव्हा, २०१२ साली. बाळंतपणासाठी आले, सहा महिन्यांनी परत जाणार होते, ती राहिलेच. तुम्ही आधीपासून इथे होतात. तुमची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, माझे हे जाऊन तीन. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असल्या घरात वाढलेली मी, आणि समोर टेबलाशी मुलाचे वडील बसलेले. पोटात कावळे कोकलत होते, पण फ्रीजला हात लावायचा धीर होईना. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "विहीणबाई, तो फ्रीज तुमच्या मुलीनं घेतलाय. माझे चिरंजीव तेव्हा नोकरी शोधत होते. त्या न्यायानं इथे पाहुणा मी आहे. तेव्हा मला जरा दही वाढा." मी दही काढलं. तुम्हाला वाढलं, मलाही घेतलं. त्या दिवसापासून ते घर माझं झालं, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तुम्ही महिनाभर मिरवलं असतंत.

आणि मग तो तुमचा क्लब. त्याचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. इथे लिहितसुद्धा नाही. चुकलं तर तुम्ही जिथे असाल तिथून सुधाराल. तरुणपणी पुण्याच्या कारखान्यानं तुम्हाला दोन वर्षं जर्मनीत पाठवलं होतं, गिअर कापायचं काम शिकायला. तिथला म्हातारा घरमालक दर शनिवारी तुम्हाला मॅचला न्यायचा, उभं राहून बघायच्या स्टँडात. भाषा येत नव्हती, गावात दुसरं काळं कुत्रं ओळखीचं नव्हतं. आठवड्यात तेवढे दोन तास आपण कुणाच्या तरी बाजूचे आहोत असं वाटायचं, असं तुम्ही मला एकदा सांगितलं होतंत. परत पुण्याला आलात, लग्न झालं, संसार झाला, क्लब सुटला. तो तुम्हाला पुन्हा भेटला तो इथे, उतारवयात, निखिलनं टीव्हीला इंटरनेट जोडून दिल्यावर.

तिकडे शनिवारी दुपारी मॅच असते तेव्हा आपल्याकडे रविवार नुकता लागलेला असतो आणि माणसं झोपलेली असतात. म्हणून निखिल मॅच रेकॉर्ड करून ठेवायचा आणि आपल्या घरात कायदाच होता. अवोन्डेलच्या बाजारातून भाजी आणायची, आंघोळी, नाश्ता, आणि मग टीव्ही. तोपर्यंत घरात निकाल उच्चारायचा नाही. तुम्ही तुमचा फोन माझ्याकडे सोपवायचात आणि मी तो तूरडाळीच्या डब्यामागे ठेवायचे. निखिलवर तुमचा भरवसा नव्हता, त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं म्हणून. माझ्यावर होता, कारण निकाल कळला तरी त्याचं काय करायचं हे मला कळत नव्हतं.

एकदा मात्र तुम्ही मला समजवायला बसलात. चमचे मांडून. लीगमध्ये अठरा संघ. वर्ष संपलं की तळाचे दोन खालच्या लीगमध्ये उतरतात. खालून तिसरा जो असतो, म्हणजे सोळावा, त्याला आणखी एक संधी. खालच्या लीगमधल्या तिसऱ्या संघाशी त्यानं दोन मॅच खेळायच्या. जिंकला तर राहिला, हरला तर तोही उतरला. मी म्हटलं, "हा कुठला न्याय? आमच्या शाळेत नापास झाला तर त्याच वर्गात बसवायचे. खालच्या वर्गात ढकलत नव्हतं कुणी." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच तुमची पोरं वर्षानुवर्षं तिथेच बसली." तीस वर्षं प्राथमिक शाळेत घातली मी, अप्पा. दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी. तिसऱ्या दिवशी तुम्ही चहा घेताना म्हणालात, "उतरण्यात लाज नसते हो, विहीणबाई. आज इथे खेळतात, उद्या तिथे." मी म्हटलं, असते लाज. ज्याला उतरावं लागतं त्याला विचारा. ते भांडण आपण पुढे कितीतरी रविवार पुरवून पुरवून खाल्लं.

मग तुमची मूत्रपिंडं गेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पहाटे व्हॅन यायची आणि तुम्हाला डायलिसिसला न्यायची. चार-पाच तास खुर्चीत, डाव्या हातात दोन जाड सुया, रक्त मशीनमधून फिरून परत अंगात. त्या हातावर शीर जोडून केलेली ती फुगीर रेघ, बोट ठेवलं की आत घरघर लागायची. इरा तिला कान लावून बसायची. तुमची नर्स मेले, टोंगाची, दोन माणसांच्या ताकदीची आणि लहान मुलासारखी हसणारी. ती तुम्हाला इथल्या माओरी रामरामानं "किया ओरा, अप्पा" म्हणायची आणि मला आंटी. आणि घरी पथ्य सांभाळायला मी. बटाटा दोनदा उकडून पाणी फेकायचं, नारळ नाही, टोमॅटो नाही, पालक नाही, मीठ नाही. अळणी दुधी खाताना तुम्ही माझ्याकडे असे बघायचात की मीच तुमची मूत्रपिंडं काढून घेतली. चहा अर्धा कप. तो तुम्ही बशीत ओतून प्यायचात, बशीत जास्त दिसतो म्हणून.

दोन वर्षं हे चाललं. मग या मार्चमध्ये, जेवताना, ताटातला भात सारखा करत तुम्ही सांगितलंत. "मी डॉक्टरांशी बोललोय. हा सीझन संपला की मशीन बंद." मशीन बंद म्हणजे फार तर आठवडा, दोन आठवडे. टेबलाशी बसलेल्या आम्हा तिघांना ते माहीत होतं. मुक्ता ओरडली. निखिल उठून बाहेर डेकवर गेला, पायात जॅन्डल्स, म्हणजे इथल्या सपाता, उलट्या घालून. तुम्ही दोघांचीही समजूत घातलीत, त्या रात्री आणि पुढे कितीतरी दिवस. दमलोय म्हणालात. रडत नव्हतात, चिडत नव्हतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा निर्णय तुमचा. निखिल हळूहळू वळला. मुक्ता वेळ लावून वळली.

माझी समजूत कुणी घातली नाही, कारण मी काही बोललेच नव्हते. कोणत्या तोंडानं बोलणार? मी बायको नव्हे, बहीण नव्हे, लेक नव्हे. व्याह्यानं जगावं की जावं हे सांगणारी मी कोण? मी ताटं उचलली. घासता घासता मला ते चमचे आठवले. तुमचा क्लब या वर्षी तळाशी गटांगळ्या खात होता. अगदी खाली गेला तर सीझन मेच्या मध्यात संपणार. वाचला तरी तेव्हाच संपणार. पण बरोबर खालून तिसरा आला तर आणखी दोन मॅच. आणखी दहाएक दिवस.

त्या दिवसापासून मी गणपतीसमोर बसून सोळावा नंबर मागायला लागले. पहिला मागतात लोक, निदान पास तरी मागतात. सोळावा मागणारी बाई देवानंही पहिल्यांदाच पाहिली असेल. इराच्या टॅबलेटवर तो तक्ता कसा बघायचा ते शिकून घेतलं. एप्रिलमध्ये एका रविवारी ते जिंकले आणि पंधरावे झाले. तुम्ही इतके खूश झालात की अर्ध्याचा पाऊण कप मागितलात. मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. पुढच्या आठवड्यात हरले आणि माझी भूक परत आली. इरा एकदा मला म्हणाली, "आजी, व्हाय डू यू वॉन्ट देम टू लूज?" मी तिला गप्प केलं, बेसनाचा लाडू देऊन.

शेवटच्या रविवारी मला धीर निघेना. बाजाराला निघण्याआधीच डाळीच्या डब्यामागून फोन काढला आणि बघितलं. सोळावा. मी तो तसाच परत ठेवला. बाजारात रेसकोर्सच्या त्या मैदानात तुम्ही माझ्यामागे हळूहळू येत होतात, लोकरी टोपी घालून. मी कोबीला घासाघीस केली नाही. गाजरं निवडून घेतली नाहीत. शेवंतीची एक मोठी जुडी घेतली, जी मी कधी घेत नाही. तुम्ही थांबलात.

"निकाल बघितलात तुम्ही."

"छे."

"तीस वर्षं पोरांचं खोटं पकडलंत, स्वतःला मात्र येत नाही. सोळावा?"

मी मान हलवली. तुम्ही संतापलात. इतक्या वर्षांचा कायदा, आणि तोही शेवटच्या रविवारी. टॅरोचे कंद विकणारी बाई आपल्याकडे बघायला लागली इतके. मग मध्येच थांबून तुम्ही विचारलंत, "पण तुम्हाला एवढा आनंद कसला झालाय? सोळावा म्हणजे काय पेढे वाटण्यासारखं आहे?"

"दोन मॅच जास्त मिळाल्या," मी म्हटलं.

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मी शेवंती ट्रॉलीत नीट ठेवण्याचं नाटक करत होते. मग तुम्ही माझ्या हातातून ट्रॉली काढून घेतलीत, आणि चांगल्या हातानं ढकलायला लागलात. त्या दिवशी तुम्ही निकाल माहीत असलेली मॅच बघितलीत, पूर्ण, पहिल्यांदाच.

त्या दहा दिवसांत मी तुम्हाला सांगणार होते. मशीन थांबवू नका, असं. वाक्य तयार होतं, पाठ होतं. प्रत्येक वेळी तोंडाशी आलं आणि "दुधी चालेल ना?" होऊन बाहेर पडलं. तुम्ही दर वेळी "चालेल" म्हणालात. दुधी तुम्हाला कधीच चालत नव्हता.

पहिली जादा मॅच शुक्रवारी, आपल्याकडे उजाडताना. बरोबरीत सुटली. ती बघताना माझ्या ध्यानात आलं की माझं मागणं संपलं. दिवस मिळायचे ते मिळाले. आता जिंकले काय, हरले काय, दुसऱ्या मॅचनंतर सगळं संपणारच होतं. तेव्हा मला पहिल्यांदा ते नुसते जिंकावेत असं वाटलं. निदान तुम्ही जाताना तुमची माणसं वर असावीत. मी सोफ्यावर तुमच्या शेजारी येऊन बसले आणि विचारलं, आपले कुठल्या रंगाचे. तुम्ही हसलात. सहा वर्षांनी विचारताय, म्हणालात.

दुसरी मॅच नेमकी मंगळवारी, डायलिसिसच्या वेळेला. तुमचा तो शेवटचा डायलिसिस होता. तसं ठरलेलं होतं, मेलेलाही माहीत होतं. मी तुमच्याबरोबर व्हॅनमधून आले. मेलेनं सुया लावल्या, टॅबलेट ट्रेवर टेकून उभा केला आणि म्हणाली, "आज हात हलवलात तर मी टीव्ही बंद करीन." शेजारच्या खुर्चीवरचे ते सामोअन गृहस्थ, जन्मभर रग्बी बघितलेले, खुर्ची आपल्याकडे वळवून आपल्या बाजूचे झाले. जिंकणं भाग होतं. पहिल्या अर्ध्यात आपल्यावर गोल झाला. मग आपला झाला, आणि तुमचा एकच हात वर गेला. डावा तसाच चादरीवर, सुयांसकट. मी बघत होते त्या हाताकडे. त्यालाही वर जायचं होतं.

शेवटी शेवटी त्यांनी आणखी एक मारला. आपल्याकडे वेळ उरला नव्हता. शिट्टी झाली आणि आपली मुलं गवतावर बसून राहिली, काही उताणी पडली. सामोअन गृहस्थ म्हणाले, "टफ वन, ब्रो." मेलेनं येऊन टॅबलेटचा आवाज कमी केला आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवला. मी शालीची घडी घालत होते. एकदा घातली, मोडली, परत घातली. मला वाटत होतं, आता मशीन बंद होईल, आपण घरी जाऊ, आणि मग मी काय करू?

तुम्ही बराच वेळ त्या पडलेल्या मुलांकडे बघत होतात. मग मान वर केलीत आणि विचारलंत, "मेले, थर्सडे सेम टाइम?"

मेलेनं आधी माझ्याकडे बघितलं, मग तुमच्याकडे. "सेम टाइम, अप्पा," ती म्हणाली, आणि लगबगीनं दुसऱ्या मशीनकडे गेली.

घरी आल्यावर तुम्ही मुलांना सांगितलंत, पुढचं पुढे बघू. मला वेगळं सांगितलंत. चहा बशीत ओतताना. "वर असताना कुणीही बघतं हो. खाली गेल्यावर जो बघतो तो त्यांचा. ऑगस्टला खालची लीग सुरू होते. पहिली मॅच बघू, मग ठरवू."

"मग लाज नसते ना उतरण्यात?" मी विचारलं. मुद्दाम भांडणाचा आवाज काढून.

"असते," तुम्ही म्हणालात. "थोडी असते."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माघार घेतलीत आणि मला त्याची मजाही घेता आली नाही. दुसऱ्या दिवशी मुक्ताला घेऊन सँडरिंगहॅमच्या देशी दुकानात गेले आणि पेढे आणले. तिनं विचारलं कशाबद्दल, तर म्हटलं सहज. नापास झाल्याचे पेढे वाटणारी मी पहिलीच मास्तरीण असेन. तुम्हाला पथ्यात पेढा चालत नव्हता. चिमूटभर दिला. मी त्या तुमच्या क्लबचे मनातल्या मनात आभार मानले. ते वाचले असते तर तुम्ही गेला असतात, असा माझा सरळ हिशेब होता.

पण ते आठवडे चांगले नव्हते, अप्पा. कोण म्हणेल चांगले होते? जून लागला, गारठा आला, पाऊस आडवा लागायला लागला. मशीनवर तुमचं ब्लडप्रेशर दर खेपेला कोसळायचं. पायात पेटके यायचे तेव्हा मेले तुमचं पाऊल धरून पोटाशी दाबायची. अंगाला खाज इतकी की झोपेत ओरबाडून रक्त काढायचात. हातातली शीर बंद पडली तेव्हा तुम्हाला दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवून ती मोकळी केली. एकदा बाथरूममध्ये पडलात. मी आणि निखिलनं उचललं, तर तुम्ही म्हणालात, "विहीणबाई, माफ करा, उघडाच आहे." मी म्हटलं, मी बघत नाहीये. मी रडत होते, म्हणून खरंच काही दिसत नव्हतं. त्या दिवशी मी म्हणायला हवं होतं की बास, थांबवा आता. ते वाक्यही मला आलं नाही. आधीचं पाठ केलेलं वाक्य उलटं करायचं होतं फक्त.

तुम्ही गेलात ते जुलै लागल्यावर, एका बुधवारी, मशीनच्या सुट्टीच्या दिवशी, जेवण झाल्यावर, खिडकीतल्या खुर्चीत. बाहेर ऊन होतं. मी रात्रीसाठी दुधी चिरत होते. तुम्ही विचारलंत, "परत दुधी?" आणि मी म्हटलं, हो, परत. मग तुमची मान कलली. मला वाटलं डोळा लागला. मी उठून तुमच्यावर पांघरूण घातलं आणि रागावलेसुद्धा, थंडीत असं उघडं झोपतात का म्हणून. खालच्या लीगची पहिली मॅच अजून लांब होती.

परवा तेराव्याला मेले आली. मोठा केक घेऊन आली, तिच्या चर्चमधल्या बायकांनी केलेला. तिला आपल्यातलं काही माहीत नाही, कोण सुतकात आणि कोण नाही. दारात मीच होते. तिनं केक खाली ठेवला आणि मला घट्ट मिठी मारली, दारातच, सगळ्यांसमोर. मग स्वयंपाकघरात माझ्यामागे आली आणि चहाचे कप पुसता पुसता सांगायला लागली.

"मी अप्पांना विचारलं होतं," ती म्हणाली. "त्या मॅचनंतर, त्या गुरुवारी. तुम्ही तर मशीन थांबवणार होतात, मग फुटबॉलसाठी एवढं का सोसताय? ते हसले. म्हणाले, फुटबॉल पुष्कळ बघून झालं माझं. मुलांची तयारी झाली आहे. घरात एक बाई आहेत, त्यांची झालेली नाही. त्यांना थोडे दिवस देतो."

कप माझ्या हातातून सुटला नाही. तो मी नीट ठेवला. मेलेला मी थँक्यू म्हटलं, केक कापला, सगळ्यांना दिला. निखिलला सांगितलं नाही, मुक्तालाही नाही. त्यांनी ऐकलं तर त्यांना वाईट वाटेल, की मग आमची तयारी झालीच कशाला.

म्हणजे तो क्लब नव्हताच. ऑगस्ट नव्हता. मी तिकडे जर्मनीतल्या मुलांना दुवा देत बसले आणि सुया तुम्ही टोचून घेत होतात. ते पेटके, ते बाथरूम, ती रात्रभरची खाज. सगळं माझ्यासाठी, आणि मी तुम्हाला दुधी वाढत होते. राग येतो मला तुमचा. असं कुणी देतं का कुणाला, न सांगता? आणि दिलंत म्हणून आज मला तुमच्याबरोबरचा अख्खा जून आहे, जो माझ्या नशिबात नव्हता. डेकवर ऊन पडलं की तुम्ही खुर्ची माझ्या बाजूला सरकवायचात तो जून. इराला तुम्ही पत्ते पिसायला शिकवलेत तो जून. तो मी परत करू म्हटलं तरी करणार नाही, अप्पा. तुम्हाला दुखलं हे माहीत असूनही नाही करणार. बघा कशी आहे मी.

विचारायचं होतंत मला. एकदा तरी. झाली का हो तयारी, विहीणबाई, एवढंच. मी नाही म्हणाले असते. ऑगस्टमध्ये विचारलं असतंत तरी नाही म्हणाले असते, पुढल्या मेमध्ये विचारलं असतंत तरी नाही. हे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणूनच विचारलं नसेल.

तरी सांगते. नाही झाली, अप्पा. अजून नाही झाली.